लग्नाची डीव्हीडी 63 टक्क्यांवर अडकते तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. थोरल्या बहिणीचं लग्न 2008 साली सोलापुरात झालं. फोटोग्राफरने दोन डीव्हीडी दिल्या. त्यातली दुसरी सरळ कॉपी झाली. पहिली मात्र लॅपटॉपला जोडलेल्या यूएसबी ड्राइव्हमधून कॉपी करताना दर वेळी 63 टक्क्यांवर अडकते आणि ‘डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा संदेश येतो. टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरवर तीच डिस्क चालते. अक्षता पडतात तिथे चित्र जरा थिजतं आणि पुढे सरकतं. घाणा भरताना तुमच्या आजीने म्हटलेल्या ओव्या याच डिस्कच्या सुरुवातीला आहेत. आजी आता नाहीत. आणि शेजारच्या मुलाने डिस्क टूथपेस्टने घासायला सांगितलंय.

टूथपेस्ट लावू नका. कॉपीचं बटणही आता पुन्हा दाबू नका. नवी पेठेतल्या माझ्या दुकानात गेली 19 वर्षं मी लग्नाच्या कॅसेट आणि डीव्हीडी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. या काळात डिस्क वाया गेलेल्या पाहिल्या त्या बहुतेक वेळा घाईने: त्याच खराब जागेवर पन्नास वेळा ड्राइव्ह आपटवला, मग घासली, मग माझ्याकडे आणली. क्रम उलटा हवा. डिस्कला सगळ्यात कमी त्रास देणारा उपाय आधी, आणि परत फिरता येत नाही असा उपाय सगळ्यात शेवटी.

आधी ओव्या वाचवून घेऊ, बाकीचं नंतर. डीव्हीडीवरचा मजकूर मधल्या भोकाकडून बाहेरच्या कडेकडे लिहिलेला असतो, ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट. कार्यक्रमाची सुरुवात आतल्या वर्तुळात, शेवट कडेला. कॉम्प्युटरवर डिस्क उघडा, ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये जा. तिथे ‘व्हीओबी’ शेपटाच्या फाइली दिसतील, प्रत्येकी साधारण 1 जीबीच्या, 1, 2, 3, 4 अशा क्रमाने. सबंध फोल्डर एकदम उचलू नका. पहिली मोठी फाइल एकटी कॉपी करा. डिस्क भरलेली असेल, म्हणजे एकूण 4.3 जीबीच्या आसपास, तर 63 टक्के म्हणजे सुमारे 2.7 जीबी. अडचण तिसऱ्या फाइलीत आहे. घाणा आणि हळद पहिल्या फाइलीत असणार, फार तर दुसऱ्यात थोडी सांडलेली. ती फाइल काही मिनिटांत उतरेल. व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा, आजींचा आवाज शेवटपर्यंत ऐका, आणि तिची एक प्रत लगेच दुसऱ्या ठिकाणी ठेवा. मग दुसरी फाइल, मग चौथी आणि असेल तर पाचवी. तिसरीला हात लावू नका. ती अशी साध्या कॉपीने मिळणार नाही, कारण विंडोजला फाइलीतला एक जरी तुकडा वाचता आला नाही तरी ते थांबतं आणि तोवर उतरलेली अर्धी फाइलही पुसून टाकतं.

प्लेअरवर चालते मग कॉम्प्युटरवर का नाही, हे सगळेच विचारतात. प्लेअरला फक्त पुढे जायचं असतं. तो डिस्क सावकाश, चित्र दाखवण्यापुरत्या वेगाने फिरवतो आणि वाचता न आलेला तुकडा सोडून देतो. तुमच्या नजरेला क्षणभर चौकटी दिसतात, बस. कॉम्प्युटरला कॉपी करताना एकही बिट चुकीचं चालत नाही. शिवाय तो डिस्क कितीतरी जोरात फिरवतो. 16एक्स वेगाला, म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या सोळापटीला, मिनिटाला नऊ-दहा हजार फेरे होतात. त्या वेगात किंचित वाकडी किंवा एका बाजूला जड झालेली डिस्क थरथरते, आणि लेसरचा ठिपका 0.74 मायक्रॉन अंतरावरच्या ओळींवर टिकत नाही.

आता रोग ओळखायचा. माझ्याकडे डिस्क आली की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: दर वेळी त्याच आकड्यावर अडकते, की कधी 20, कधी 70? वेगवेगळ्या आकड्यांवर अडकत असेल तर डिस्कपेक्षा ड्राइव्ह, वायर किंवा वीजपुरवठा यावर संशय धरावा. त्याच आकड्यावर अडकत असेल तर डिस्कची ती जागाच दुखरी आहे. तुमची दुसऱ्या प्रकारची दिसते. तरी खात्रीसाठी दुकानातून आणलेली, छापील, स्वच्छ अशी एखादी डीव्हीडी त्याच ड्राइव्हमध्ये शेवटपर्यंत वाचून पाहा. तीही अडखळली तर माझं पुढचं अर्धं उत्तर तुमच्या ड्राइव्हला लागू आहे, डिस्कला नाही.

दुखरी जागा डोळ्यांनी शोधता येते. डीव्हीडीवर मजकूर केंद्रापासून 24 मिलिमीटरवर सुरू होतो आणि 58 मिलिमीटरला संपतो. बाहेरचं वर्तुळ मोठं, म्हणून त्यात जास्त मावतं. त्यामुळे 63 टक्के ही जागा मधोमध येत नाही, बरीच कडेकडे सरकते. भरलेल्या डिस्कचा हिशोब केला तर केंद्रापासून साधारण 48 मिलिमीटर, म्हणजे बाहेरच्या कडेपासून सुमारे 12 मिलिमीटर आत. पट्टी घ्या, ट्यूबलाइटखाली डिस्क तिरकी धरा आणि कडेपासून तेवढ्या अंतरावर सबंध गोल फिरवून बघा. बोटाचा ठसा आहे का? तेलकट डाग? कडेकडून मधल्या भोकाकडे जाणारा सरळ ओरखडा, की गोलाकार, ओळींच्या दिशेने गेलेला? सरळ ओरखडा डोळ्याला भयानक दिसतो, पण तो प्रत्येक ओळ क्षणभरच छेदतो. गोलाकार ओरखडा केसाएवढा असला तरी वाईट, कारण तो एकाच ओळीवर लांबवर बसून राहतो.

हा फरक का पडतो ते सांगतो, कारण इथे डीव्हीडीची खरी कमाल आहे. मजकूर 2048 बाइटच्या सेक्टरमध्ये असतो, आणि असे 16 सेक्टर मिळून 32 केबीचा एक ठोकळा होतो. त्या ठोकळ्याची उभी-आडवी मांडणी करून दोन्ही दिशांना जादा आकडे लिहिलेले असतात. या पद्धतीला रीड-सॉलोमन म्हणतात. सारीपाटाच्या पटावर काही घरं पुसली गेली तरी आडव्या आणि उभ्या बेरजांवरून ती परत भरता यावीत, तसं. एका ओळीत सलग 6 मिलिमीटरपर्यंतचा भाग झाकला गेला तरी ड्राइव्ह तो हिशोबाने भरून काढू शकतो. म्हणून ओरखड्यांनी भरलेल्या डिस्कसुद्धा चालतात. पण ही मर्यादा ओलांडली की ठोकळाच्या ठोकळा जातो, 16 सेक्टर एकदम. सायक्लिक रिडंडन्सी चेक हा संदेश तेव्हा येतो. म्हणूनच थोडीशी घाण पुसली गेली तरी पुष्कळदा सगळं सुटतं: चुका मर्यादेच्या जरा वर गेलेल्या असतात, त्या जरा खाली आल्या की पुरे.

तेव्हा पुसणं. हे काम साधं आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आपल्या गावात हवेत कापसाचं तूस किती असतं हे तुम्हाला सांगायला नको. साखर पेठ, अशोक चौकाकडच्या, मागांजवळच्या घरांतून आलेल्या डिस्कवर आणि ड्राइव्हच्या भिंगावरही त्याचा पांढुरका थर मी कायम बघतो. त्यावर कोरडं फडकं फिरवलं की त्यात अडकलेली धूळ वाळूच्या कागदासारखी घासते. आधी रबरी फुंकणीने हवा मारा, तोंडाने नको, थुंकी उडते. मग डिस्क नळाखाली धरा. बोअरचं पाणी वापरू नका, वाळल्यावर त्याचे क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. फिल्टरचं पाणी किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चांगलं. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटाच्या पेरावर घेऊन हलक्या हाताने फिरवा, पाण्याने पूर्ण धुवा आणि चष्म्याच्या मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ रेषेत टिपा. गोल गोल पुसायचं नाही. कारण वर सांगितलंच, गोल ओरखडा ओळींवर बसतो. सोलापुरी टॉवेल अंग पुसायला जगात भारी, डिस्कला नाही. त्याच्या फुलांची वीण खरबरीत असते. चादरीचा कोपराही नको. जुनी, शंभर वेळा धुतलेली मलमलीची ओढणी एकवेळ चालेल. तेलकट डाग जात नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडं लावा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं द्रावण यांनी डिस्कचं पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक पांढरं पडतं आणि ते परत कधीच निघत नाही.

धुतल्यावर डिस्क पूर्ण वाळू द्या. दुपारच्या उन्हातून, स्कूटरच्या डिकीतून आणलेली डिस्क लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, टेबलावर सपाट ठेवून थंड होऊ द्या. मे महिन्यात पारा 42-43 वर असताना मी अवघड डिस्क रात्री दहानंतरच लावतो. ड्राइव्ह तापला की वाचन बिघडतं, हे मी एकाच डिस्कवर दुपारी आणि रात्री बघितलेलं आहे.

आता ड्राइव्हकडे येऊ. तुमचा यूएसबीवाला बारीक ड्राइव्ह वीज यूएसबीमधूनच घेतो. यूएसबी 2 चं साधं पोर्ट नियमाने 500 मिलिअँपिअर देतं, यूएसबी 3 चं 900. डिस्क फिरायला सुरू होताना आणि खराब जागी लेसर धडपडत असताना अशा ड्राइव्हला याहून जास्त लागू शकते. मग तो मध्येच झटका देऊन बंद होतो, पुन्हा चालू होतो आणि तुम्हाला ‘आय/ओ डिव्हाइस एरर’ दिसते. तुमचा संदेश तो नाही, पण दोन्ही प्रकार एकत्र येऊ शकतात. ड्राइव्ह हबला लावू नका, लॅपटॉप चार्जिंगला लावा आणि दोन तोंडांची यूएसबी वायर मिळाली तर ती वापरा.

त्याहून चांगलं म्हणजे डेस्कटॉपचा मोठा, सव्वापाच इंची ड्राइव्ह शोधा. जुन्या कॉम्प्युटरमध्ये धूळ खात पडलेले असतात, दुरुस्तीवाल्याकडे स्वस्तात मिळतात. माझा अनुभव असा की बारीक ड्राइव्ह जिथे हात टेकतो तिथे मोठा पुष्कळदा वाचून जातो. माझ्या टेबलावर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह जोडलेले असतात, आणि त्यातला सगळ्यात चांगला कोणता हे मला सांगता येणार नाही, कारण उत्तर डिस्कगणिक बदलतं. एकाला जी जागा दिसत नाही ती दुसरा पहिल्या फटक्यात वाचतो. लेसर, भिंग आणि चूक दुरुस्त करायची आतली पद्धत प्रत्येकाची निराळी. खराब डिस्कवर पैसे खर्च करायचे असतील तर महागड्या सॉफ्टवेअरऐवजी दुसऱ्या ड्राइव्हवर करा.

बारीक ड्राइव्हचा ट्रे उघडला की भिंग समोरच दिसतं. त्यावर फुंकणीने हवा मारा. फारच मळलं असेल तर कानात घालायच्या कापसाच्या काडीला अल्कोहोलचा ओलावा लावून टेकवल्यासारखं फिरवा. भिंग तारांवर तरंगत असतं, दाबलं तर ड्राइव्ह गेला.

वेग कमी करणं हा फुकटातला सगळ्यात गुणकारी उपाय. 4एक्स, जमलं तर 2एक्स. विंडोजवर नीरोचं ड्राइव्हस्पीड नावाचं छोटं साधन हे करतं. लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीवर ‘इजेक्ट’ या आज्ञेला ‘एक्स’ पर्याय देऊन वेग बांधता येतो. काही ड्राइव्ह ऐकत नाहीत. 1एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे 1.4 एमबी, त्यामुळे 4एक्सला सबंध डिस्क वाचायला पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात. हे काही फार नाही.

आता मुख्य काम. तिसरी फाइल कॉपी करायची नाही, सबंध डिस्कची इमेज काढायची. म्हणजे फाइली, फोल्डर असा विचार सोडून पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जसंच्या तसं एका आयएसओ फाइलीत उतरवायचं. जिथे वाचता येत नाही तिथे न थांबता जागा रिकामी सोडून पुढे जायचं, आणि कुठे जागा सोडली त्याची नोंद ठेवायची. नोंद ठेवणं यातच सगळं आहे. मी यासाठी लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतो. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराचा पेन ड्राइव्ह बनवून तुमचा लॅपटॉप त्यावरून सुरू करता येतो, विंडोजला धक्का लागत नाही. डीडीरेस्क्यू आयएसओसोबत मॅपफाइल नावाची छोटी नोंदवही लिहितं: हा भाग मिळाला, हा राहिला.

माझी पद्धत अशी. सेक्टरचा आकार 2048 सांगायचा, त्यासाठी ‘बी’ पर्याय. पहिल्या फेरीत छोटा ‘एन’ लावायचा, म्हणजे ते खराब जागा खरवडत बसत नाही, सोपं सोपं आधी गोळा करतं. यात बहुतेक डिस्क 99 टक्क्यांच्या वर जाते. दुसऱ्या फेरीत ‘एन’ काढून छोटा ‘डी’ आणि छोटा ‘आर’ 3 लावायचा: राहिलेल्या जागा थेट वाच आणि तीनदा प्रयत्न कर. तिसऱ्या फेरीत कॅपिटल ‘आर’, म्हणजे उलट्या दिशेने. खराब पट्ट्याकडे पलीकडून आलं की तिथले काही सेक्टर सुटतात. प्रत्येक वेळी आयएसओ आणि मॅपफाइल तीच द्यायची. वीज गेली, लॅपटॉप बंद पडला तरी काम वाया जात नाही, जिथे होतं तिथून पुढे सुरू होतं. तीन फेऱ्यांनंतर डिस्क बाहेर काढा, पुन्हा पुसा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला आणि तीच आज्ञा पुन्हा द्या. ते फक्त राहिलेल्या जागा मागेल.

लिनक्स नकोच असेल तर विंडोजवर आयसोबस्टर आहे. ते एरर आली की काय करायचं असं विचारतं. तिथे ‘शून्यांनी भरा’ निवडा, सोडून द्या नको, नाहीतर पुढचं सगळं सरकतं. त्याचीही टप्प्याटप्प्याने भरायची इमेज निघते, काही सोयींना मात्र पैसे पडतात. डीव्हीडीसास्टर नावाचं फुकट साधनही वाचलेलं आणि न वाचलेलं हिरव्या-लाल रंगांत दाखवतं. ते चित्र पाहिलं की रोग समोर दिसतो: एकच लाल पट्टा म्हणजे ओरखडा किंवा डाग, कडेकडे वाढत गेलेला लाल विखुरलेला भाग म्हणजे डिस्कचा रंगथर उडत चाललाय.

एक अडचण हमखास येते. इमेज पेन ड्राइव्हवर काढायला गेलात आणि तो एफएटी32 असेल, तर 4 जीबीला काम थांबेल, कारण त्यावर याहून मोठी फाइल मावत नाही. लोक त्यालाही डिस्कची एरर समजतात. हार्ड डिस्कवर काढा, किंवा पेन ड्राइव्ह एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा.

रंगथराबद्दल दोन शब्द. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत खड्डे नसतात. लेसरने भाजलेला सेंद्रिय रंग असतो, त्यामागे धातूचा पातळ पत्रा, आणि हे सगळं 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये चिकटवलेलं. ऊन, उष्णता आणि दमट हवा या रंगाला खातात. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावरच्या लोखंडी पेटीत पंधरा उन्हाळे काढलेली डिस्क वरून आरशासारखी दिसते आणि आतून गेलेली असते. अशा डिस्कवर पुसणं, घासणं यांचा काहीही उपयोग नाही. तिथे फक्त मंद वेग आणि वेगवेगळे ड्राइव्ह. मागच्या बाजूला कागदी स्टिकर चिकटवलेला असेल तर तो सोलू नका, थर उचकटण्याची भीती असते. आणि मधल्या भोकाजवळ तडा दिसला, अल्बमच्या खिशातल्या घट्ट बटणावरून ओढून काढताना तो जातो, तर डिस्क जोरात फिरवायचीच नाही. आधी वेग बांधायचा, मग घालायची.

आता माझ्याकडच्या एका कामाचं सांगतो, कारण तुमच्या उपयोगाचं आहे. पूर्व भागातलं एक तेलुगू कुटुंब, लग्न 2006 चं. डिस्क कडेला इतकी खराब की तिन्ही ड्राइव्ह फिरवूनही जेवणाच्या पंगतीचा आणि पाठवणीचा भाग मिळेना. मी विचारलं, फोटोग्राफरने किती प्रती दिल्या होत्या? तीन. एक भिवंडीला मावशीकडे, एक हैदराबादला. दोन्ही मागवल्या. त्या दोन्हीही खराबच होत्या, भिवंडीची तर जास्तच. पण तिघींच्या खराब जागा वेगळ्या होत्या. एकाच इमेजवरून लिहिलेल्या प्रती असतील तर त्यांचा प्रत्येक सेक्टर सारखा असतो, म्हणून तीच आयएसओ, तीच मॅपफाइल ठेवून मी डिस्क बदलत गेलो. पहिलीची भोकं दुसरीने भरली, उरलेली तिसरीने. शेवटी राहिलेला आकडा शून्य झाला. त्या घरातल्या आजोबांनी पाठवणी तीनदा बघितली, दुकानात, उभ्यानेच. एक खबरदारी: प्रती एकाच वेळच्या आहेत याची खात्री हवी. दोन्हींचा एकूण आकार सेक्टरपर्यंत जुळतो का बघा, आणि चांगल्या भागातले काही तुकडे ताडून पाहा. फोटोग्राफरने नंतर पुन्हा एडिट करून दिलेली प्रत असेल तर तिचे सेक्टर जुळणार नाहीत आणि भलतंच काही तयार होईल.

तेव्हा आधी नात्यात फोन करा. बहिणीच्या सासरी एक प्रत नक्की असेल. फोटोग्राफरलाही विचारा. त्या काळातली लग्नं बरीचशी मिनीडीव्ही टेपवर शूट झालेली आहेत, आणि काहींनी टेप जपून ठेवलेल्या असतात. टेप मिळाली तर ती डीव्हीडीपेक्षा सरस.

समजा सगळं करूनही थोडं राहिलं. किती नुकसान, याचा हिशोब करून बघा म्हणजे जीव भांड्यात पडेल. दोन तासांची डिस्क असेल तर एका सेकंदाच्या चित्राला सुमारे 600 केबी लागतात. मॅपफाइलीत 4 एमबी राहिले दिसले तर ते सहा-सात सेकंद आहेत. एकच 32 केबीचा ठोकळा गेला तरी चित्र अर्धा सेकंद चौकटी दाखवतं, कारण डीव्हीडीच्या एमपेग-2 पद्धतीत पूर्ण चित्र दर अर्ध्या सेकंदाच्या आसपास एकदाच येतं आणि मधली त्यावरून रचली जातात. अक्षतांच्या वेळचा एक ठसका राहील, सोहळा राहील.

मॅपफाइलीत मोठी जागा उरली, इमेज हातात सुरक्षित आहे, आणि दुखऱ्या जागी खालच्या बाजूला बोटाच्या नखाला लागेल असा ओरखडा स्पष्ट दिसतोय, या तिन्ही गोष्टी असतील तरच पॉलिश करायचं. शेजारच्या मुलाचं सांगणं अगदी चूक नाही. पांढऱ्या टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटी असते आणि ती ओरखड्याच्या धारा बोथट करते, त्यामुळे लेसर कमी विखुरतो. पण ती नवे बारीक ओरखडेही पाडते. मी गाडीच्या पॉलिशचं बारीक कंपाउंड वापरतो, फक्त त्या पट्ट्यापुरतं, मधून कडेकडे, आणि मग पूर्ण धुऊन पुन्हा तीच मॅपफाइल चालवतो.

दोन वेगळ्या तक्रारी इथेच सांगून ठेवतो, कारण त्या वरवर सारख्या वाटतात. डिस्कवर लिहिलेलं डोळ्यांना दिसतं, जांभळा रंग आत गडद आणि बाहेर फिका, पण कॉम्प्युटर रिकामी म्हणतो: तर रेकॉर्डरवर लिहून ती फायनलाइझ करायची, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी अशी बंद करायची, राहिली असणार. ज्या रेकॉर्डरवर लिहिली तो मिळाला तर त्यावरच करा, नाहीतर आयसोबस्टरने आतलं शोधता येतं. आणि विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्क वेगळ्या कारणाने अडकतात. त्या कुलूपबंद असतात, काहींवर मुद्दाम खराब सेक्टर घातलेले असतात. ते कुलूप तोडणं 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम 65अ मध्ये येतं. मी ते काम घेत नाही. हे सगळं उत्तर आपल्या घरच्या डिस्कसाठी आहे.

इमेज मिळाल्यावर विंडोज 10 मध्ये आयएसओवर दोनदा क्लिक केलं की ती डिस्कसारखी उघडते. मेनू उघडत नसेल, म्हणजे मेनूची माहिती ठेवणारी ‘आयएफओ’ फाइल खराब असेल, तर तिच्या शेजारी त्याच नावाची ‘बीयूपी’ फाइल असते. ती तिचीच जुळी प्रत आहे, शेपूट बदलून वापरा. मेकएमकेव्हीने चित्र न बदलता एक फाइल मिळते, हँडब्रेकने फोनवर पाठवण्यासारखी एमपी4. हँडब्रेक थेट डिस्कवर लावू नका, खराब सेक्टरवर ते तासन्‌तास लटकतं. इमेजवर लावा, आणि हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर डीइंटरलेस चालू करा.

एमपी4 झाली म्हणून आयएसओ पुसू नका. एक प्रत घरी, एक बहिणीकडे. आणि डिस्कही टाकू नका. कडक कव्हरमध्ये, उभी, कपाटाच्या खालच्या खणात ठेवा, माळ्यावर नको. भोकं उरली असतील तर मॅपफाइल आयएसओच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये राहू द्या आणि कव्हरवर लिहा: ‘तिसऱ्या फाइलीत इतके केबी बाकी’. पुढच्या दिवाळीत सासरची प्रत हाती आली, तर तिथूनच पुढे सुरू करता येईल.